आधी मराठीत सांग

सकाळी कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत अक्काच्या बसूचा फोन आला. "मावशी, आई गेली." एवढंच. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून तशीच उभी राहिले. रडू यायला वेळ लागला. त्याआधी मनात आलं ते भलतंच होतं, पण खरं तेच लिहायचं तर लिहिते. मनात आलं, अगं बाई, हा मुलगा सरळ बोलला! मदर नाही, एक्स्पायर नाही, नो मोअर नाही. दोन शब्दांत, मराठीत, माझ्या कानात बोलला. त्याच्या तोंडून असं बोलणं निघावं म्हणून त्याच्या आईनं शेवटी काय धीर धरला होता, ते मी हॉस्पिटलात तिच्या खाटेशेजारी बसून बघितलं होतं. आता ह्या गोष्टीला दीड महिना होत आला. लोक विचारतात, अक्का तुमच्या कोण हो? नात्यानं कोणीच नाही. आमच्या घरापासून चार घरं पलीकडे राहायची आणि माझ्या आयुष्यातलं निम्मं बोलणं मी तिच्याशी बोलले, असं सांगितलं तर ते नातं होतं का?

नाव सरोजिनी, पण कोल्हापूरच्या साऱ्या मंगळवार पेठेची ती अक्का. माहेर निपाणीच्या पलीकडचं, घरात सगळं कन्नड. लग्न होऊन इथं आली ती अण्णांच्या घरात. अण्णा म्हणजे तिचे यजमान, जनावरांच्या पेंडीचे व्यापारी, कपाळाला विभूती आणि आवाज असा की दुकानात बोलले तर चौकात कळावं. तिला तेव्हा मराठी धड येत नव्हतं. "सासूच्या शिव्या ऐकून मराठी शिकलो मी," असं ती सांगायची, वर म्हणायची, "शिव्या लवकर पाठ होतात, व्याकरण मागनं येतं." आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. अक्का बी.ए. झाली, बी.एड. झाली, हायस्कूलवर इंग्रजी शिकवून रिटायर झाली, तरी शेवटपर्यंत 'मी येतो'च म्हणाली. मी लिहिताना 'गेले, आले' लिहिते. ते वाचून ती हसायची. "शोभे, कागदावर आलीस की लगेच पुण्याची होतीस बघ!"

रिटायर झाल्यावर तिचं खरं काम सुरू झालं, ते फोनवर. जुने विद्यार्थी, त्यांच्या बायका, बायकांच्या मैत्रिणी, मैत्रिणींच्या ऑफिसातले साहेब... कुणाकुणाला अडायचं कोण जाणे, पण अडलं की अक्काला फोन. सिन्स कुठं आणि फॉर कुठं? डिस्कस अबाउट म्हटलं तर काय बिघडतं? मुलाखतीत 'मायसेल्फ अमुक तमुक' म्हणायचं की नाही? अक्का हॅलो म्हणायचीच नाही. "हां, विचार," म्हणायची. साधं काही असलं तर तिथल्या तिथं निकाल. कधीपासनं ते सांगायचं असलं तर सिन्स, किती वेळ ते सांगायचं असलं तर फॉर, चल ठेव फोन. एकदा माझ्यासमोरच कुणीतरी विचारलं, लिटल आणि अ लिटल यात एवढा काय फरक आहे हो बाई? ही भाकरी थापता थापता म्हणाली, "डब्यात साखर जरा हाय म्हणालास तर पावण्याला चहा मिळतो. जवळजवळ न्हाईच म्हणालास तर पावणं तसंच जातंय. 'अ' लावला की पावण्याला चहा!" पलीकडचा माणूस खो खो हसला, आणि मला वाटतं जन्मात विसरला नसेल.

पण प्रश्न शब्दाचा असला, म्हणजे हा लिहू की तो लिहू, तर ती लगेच उत्तर द्यायची नाही. तिची एक रीत होती. "आधी मराठीत सांग. कुणाला सांगायचंय ते सांग, आणि तो समोर बसलाय असं समजून तोंडानं मोठ्यांदा बोल." लोकांना वैताग यायचा. मला तर लई यायचा. शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी ऑफिस सांभाळायचे. गिऱ्हाइकानं एकदा मालातले बरेच नग परत पाठवले, आत पोकळ्या आहेत म्हणून. मालक डोक्याला हात लावून बसले आणि मला म्हणाले, बाई, माफीचा मेल टाका. मी अक्काला फोन केला, की सॉरी लिहू, रिग्रेट लिहू, की अपॉलजाइज लिहू, लवकर सांग, परत आलेल्या मालाची गाडी दारात उभी आहे. तर ही म्हणते, "आधी मराठीत सांग." मी भडकले. म्हटलं, मराठीत काय सांगू, चूक त्यांची पण आहे, नको त्या घाईनं माल मागतात, आणि आमच्या पोरांनी पण बघितलं नाही, बास! "हां," ती म्हणाली, "म्हणजे घाई झाली त्याचं वाईट वाटतंय, आणि बघितलं न्हाई ते चुकलं. वाईट वाटतंय तिथं रिग्रेट लिही, चुकलं तिथं अपॉलजाइज. सगळ्यालाच माफी मागितलीस तर ते खोटं वाटतं बघ, आणि कशालाच मागितली न्हाईस तर माजुरी वाटते." मी तसं लिहिलं. ते गिऱ्हाईक टिकलं. मालकांनी पेढे मला दिले, ते मी अर्धे अक्काकडं पोचवले.

आणखी एक सांगते. कॉलेजातली एक मुलगी, मैत्रिणीशी भांडण झालेलं, तिला इंग्रजीत काहीतरी छानसं लिहून पाठवायचं होतं. अक्का म्हणाली, आधी मराठीत सांग. ती पोरगी बोलायला लागली आणि बोलता बोलता हुंदके द्यायला लागली. स्पीकरवर होतं, मी समोर शेंगा निवडत बसलेले, माझ्याही डोळ्यांत पाणी. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाळ, हितं इंग्रजीचं कामच न्हाई. आत्ता मला बोललीस तेच तिला फोन करून बोल. माझी फी म्हणून उद्या येऊन सांग काय झालं ते." दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, आणि अक्काच्या डब्यातलं भडंग संपवून गेल्या.

जगाला शब्द पुरवणाऱ्या ह्या बाईच्या स्वतःच्या घरात मात्र गंमत होती. गंमत कसली, खंतच होती. बसू म्हणजे बसवराज, एकुलता एक. अण्णांना स्वतःला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून पोराला हट्टानं इंग्रजी शाळेत घातलं. पोरगा हुशार निघाला, इंजिनिअर झाला, आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मोठ्या हुद्द्यावर आहे. स्वभावानं सोन्यासारखा. पण मराठी त्याची 'हं', 'चालतंय की' आणि 'जेवलास का' ह्यावर संपायची. मनातलं काही बोलायचं झालं की तो इंग्रजीत शिरायचा, आणि अण्णांसमोर तर तेही नाही. मग व्हायचं काय, की अण्णांना पोराला काही सांगायचं तर ते अक्काला सांगत. "तुझ्या लेकाला म्हणावं, गाडी हळू चालव." लेक तिथंच दोन हातांवर बसलेला असायचा! आणि लेकाला बापाला काही सांगायचं तर तोही आईकडं. लग्न ठरवलं तेव्हा आईसमोर उभा राहून म्हणाला, "आय वाँट टू टेल यू समथिंग." अक्का म्हणाली, "मराठीत सांग, मग ऐकतो." त्याला काही जमलं नाही, तो तसाच आत गेला. शेवटी हिनंच ओळखलं, हिनंच अण्णांना सांगितलं, अण्णांचा आरडाओरडा हिनंच झेलला आणि हिनंच लग्न लावून दिलं. सून पण चांगली मिळाली हो. पण बापलेकांच्या मधली खुर्ची अक्काची ती अक्काचीच राहिली.

गेल्या दिवाळीनंतर तिचं जेवण कमी झालं. आधी पित्त म्हणून काढे, मग गोळ्या, मग तपासण्या. पोटातली गाठ, आणि पसरलेली. हॉस्पिटलात ठेवलं. मी रोज दुपारी जायचे, अण्णा तर सकाळपासून स्टुलावर बसलेलेच. आता आपल्याकडं एक रीत आहे. कुणी शिकवत नाही पण घरोघरी पाळतात. पेशंटसमोर वाईट बातमी इंग्रजीत बोलायची. माझ्या वडिलांच्या वेळी भावानं तेच केलं होतं, त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी उभं राहून डॉक्टरला 'हाउ मेनी मंथ्स' विचारलं होतं, आणि वडील वर पंख्याकडं बघत होते. ती रीत बसूनं पाळली. कुणासमोर? अक्कासमोर! जिनं निम्म्या कोल्हापूरला इंग्रजी शिकवलं तिच्या उशाशी उभा राहून तिचा सख्खा मुलगा डॉक्टरला हळू आवाजात सांगतोय, "शी शुड नॉट नो." डॉक्टर परगावचे, तरुण, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. मान हलवून तेही इंग्रजीतच सगळं सांगत गेले, किती पसरलंय, किती दिवस, काय होईल, काय होणार नाही. मला हसावं का रडावं कळेना. हॉस्पिटलचा तो गाऊन अंगावर चढला की माणसाचा पेशंट होतो, आणि बाकीचं सगळं लोक विसरतात, पोटचा पोरगा पण विसरतो.

अक्का डोळे मिटून पडलेली. ते दोघं बाहेर गेले, अण्णाही त्यांच्या मागं गेले, तसा तिनं एक डोळा उघडला. "गेले काय?"

"गेले."

"इंग्रजी मात्र झकास बोलतो हं पोरगा. एक चूक काढायला जागा न्हाई." आणि हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, माझे तर आधीच वाहत होते. मी म्हटलं, अक्का, बास कर हे नाटक, त्याला सांग तुला सगळं समजलंय म्हणून. तिनं माझं मनगट धरलं. अंगात ताकद नव्हती, पण धरलं. "मी सांगितलं की तो सुटला, शोभा. जन्मभर असंच सोडवलंय मी त्याला, आणि त्याच्या बापाला बी. मधी बसून बसून मीच दोघांना मुकं केलं. आता मी चाललो. मागं एका घरात दोन मुकी माणसं ठेवून जाऊ काय? त्यालाच बोलू दे. मला न्हाई, त्याच्या बापाला बोलू दे. तू मधी पडशील तर बघ."

मी गप्प बसायचं कबूल केलं, पण ते दिवस मला कसे गेले ते माझं मला माहीत. अण्णा रोज विचारायचे, "काय म्हणतोय रं डॉक्टर?" आणि बसू रोज म्हणायचा, "काही नाही अण्णा, इम्प्रूव्हमेंट आहे." अण्णा मान हलवायचे. इम्प्रूव्हमेंट हा शब्द त्यांना समजत होता, आणि खोटं पण समजत होतं, मला वाटतं. त्यात बसूनं पुण्याला हलवायचं काढलं. तिथं म्हणे नवीन औषध आहे. डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं की उपयोग नाही, प्रवासच सोसायचा नाही. पण बसूला गाडी ठरवणं सोपं होतं, बोलणं अवघड होतं. अक्काला घरी जायचं होतं. मला सांगायची, आपल्या खोलीत, आपल्या आवाजात जायचंय, खाली चौकात भाजीवाले ओरडतात त्या आवाजात. आणि इकडं तिला ॲम्ब्युलन्समध्ये घालून घाटातून न्यायची तयारी. मी जिन्यात उभी राहून एकटीच चरफडत होते. म्हटलं, ही बाई हट्टापायी रस्त्यात मरणार, आणि मी तोंडाला कुलूप लावून बघत बसणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी यायची होती. आदल्या दुपारी डॉक्टर आले, बसूशी कागदांचं बोलले, अर्थात इंग्रजीत. मी पायाशी, अण्णा स्टुलावर. बोलणं संपत आलं तसे अक्कानं डोळे उघडले, आणि अगदी वर्गात एखाद्याला उभं करावं तशा आवाजात म्हणाली, "बसू, डॉक्टर काय म्हणाले ते अण्णांना सांग की."

बसू चपापला. "आई, तू झोप..." "सांग." तो अण्णांकडं वळला. "अण्णा, ते म्हणजे... आईची कंडिशन..." "मराठीत," अक्का म्हणाली. डॉक्टर बाहेर जायला निघाले होते, तेही दारात थांबले. बसूचा चेहरा लाल झाला, घामाघूम झाला, मला वाटलं आता हा पळून जाईल. चाळिशीचा माणूस, हाताखाली शेकडो लोक, आणि लहान पोरासारखा आईकडं बघत उभा. मी मनात म्हणत होते, बोल रे बाबा, बोल, बोल... आणि तो बोलला.

"अण्णा, आई बरी होणार नाही."

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. जन्मात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज इतका बारीक ऐकला. "मग पुण्याला कशाला रं? घरला न्हेऊया की तिला."

"व्हय अण्णा," बसू म्हणाला, आणि खाली वाकून बापाच्या गुडघ्यांवर डोकं टेकून ढसाढसा रडला. अण्णांचा हात त्याच्या डोक्यावर. अक्कानं त्यांना मनसोक्त रडू दिलं. मग म्हणाली, "हां. आता मला सांग. किती दिवस म्हणाले?" त्यानं तेही सांगितलं, तिचा हात धरून, मराठीत. तिला ते माहीतच होतं, पण पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं तिनं ऐकलं.

गाडी पुण्याला गेली नाही, मंगळवार पेठेत आली. मधल्या खोलीत खिडकीशी खाट टाकली. अक्का डॉक्टरांनी सांगितलं त्यापेक्षा थोडी जास्तच राहिली, खमकी होती. फोन यायचे. घेववत नव्हते तेव्हा सून स्पीकरवर धरायची, आणि अक्का बारीक आवाजात दोन शब्दांत निकाल द्यायची. शेवटच्या आठवड्यात मी तिच्या पायांना तेल लावत होते. मला सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं, मग मी असंच काहीतरी बोलले, "अक्का, मला तुझी लई सवय झालीय गं." तिनं मान हलवली. "सवय न्हवं. सवय चहाची असते. दुसरा शब्द हाय त्याला. म्हण की." मी तेलाची वाटी खाली ठेवली. म्हटलं, "माझा तुझ्यावर जीव हाय, अक्का." "हां," ती म्हणाली, "माझा बी." आणि आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसलो आणि रडलो. ते मी बोलले, हे किती बरं झालं. न बोलता ती गेली असती तर मी काय केलं असतं?

ती गेल्यावर मला काळजी होती ती त्या घराची. पहिले दिवस पावण्यारावळ्यांत गेले. मग घर शांत झालं, आणि मला ती शांतता जिन्यापासूनच ऐकू यायची. मी वर जायचे, तर अण्णा एका खोलीत, बसू एका खोलीत, सून बिचारी मधे चहाचे कप घेऊन. मला वाटलं, आता ती मधली खुर्ची सुनेच्या वाट्याला येणार. अक्का, तुझं सगळं वाया गेलं गं, असं मी एकदा तिच्या फोटोसमोर बोलून पण दाखवलं.

परवा संध्याकाळी मेथीचं पिठलं केलं होतं, अण्णांना आवडतं म्हणून वाटी भरून घेऊन गेले. जिन्यातच आवाज कानावर आला. मी घाबरून उभी राहिले. आत कडाक्याचं भांडण चाललेलं. "मीठ न्हाई, लोणचं न्हाई, मग जेवणात काय खडं खाऊ?" हे अण्णा. "डॉक्टर म्हणालेत बीपी वाढलाय तुमचा! गोळ्या गादीखाली सापडल्यात मला! का घेत नाही गोळ्या?" हा आवाज कुणाचा, हे समजायला मला एक क्षण लागला. बसूचा! मी त्याचा चढलेला आवाज कधी ऐकलाच नव्हता. "तू कोण मला इचारनार?" अण्णा गरजले. आणि बसू त्यांच्या वरचढ ओरडला, "मी तुमचा मुलगा! आई गेली, आता तुम्ही पण गेला तर मी काय करू? भ्या वाटतंय मला अण्णा, भ्या!"

मी उरलेल्या पायऱ्या चढले. मी वाटी घट्ट धरून दारात उभी. आतून स्टीलच्या ग्लासात पाणी ओतल्याचा आवाज आला, गोळीची पट्टी फाडल्याचा आवाज आला. मग अण्णांची नजर माझ्यावर पडली. डोळे ओले, आणि चेहरा असा फुललेला की मी त्यांना तसं फार दिवसांत बघितलं नव्हतं.

"या की शोभाताई, या! ह्यो बघा, माझ्यावर वरडायलाय!"